निरगुडीचा शेंडा

मला खंडाळ्याला सोडून माझी माणसं पुढं निघाली तेव्हा मी दहा वर्षांची होते. बंगल्याच्या मागच्या फाटकाशी मावशीनं माझा दंड धरून ठेवला होता. आई घोडीला धरून चालत होती. घोडीच्या पाठीवर आमचं सगळं बिऱ्हाड, त्यावर डालग्यात दोन दिवसांची कोकरं, आणि कोकरांशेजारी माझा सहा वर्षांचा भाऊ म्हाळू. मला वाटलं, तो माझ्यासाठी रडतोय. पण तो आईला म्हणत होता, "मला बी उतरव. मला बी साळंत ठेव." आई मागं न बघता म्हणाली, "तुजी बारी आली की तू. आदी तिची."

ती बारी त्याची कधी आली नाही. का आली नाही हे मला एकटीला माहीत होतं, आणि ते मी चाळीस वर्षं सांगितलं नाही.

आम्ही मेंढपाळ. गाव पारनेरकडचं, पण गावात आम्ही पावसाळ्यापुरते. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायचं, मावळातल्या कापलेल्या भातखाचरांतून चारत चारत खंडाळ्याला यायचं, घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या आत परत फिरायचं. वाटेत शेतकरी आपल्या खाचरात मेंढरं बसवून घेत. म्हणजे कळपानं रात्री तिथं मुक्काम करायचा, सकाळी लेंड्यांचं खत शेताला राहायचं आणि आम्हाला धान्य मिळायचं. खंडाळ्याच्या एका बंगल्याचे माळी, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, मालकांच्या गुलाबांसाठी बंगल्यामागच्या मैदानात आमची मेंढरं दोन दिवस बसवून घेत. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांची बायको, म्हणजे मावशी, आईच्या मागंच लागली. "ठकू हुशार हाय. ठेव माझ्यापाशी. एवढ्या मेंढरांत एक कमी झालं तर तुला कळायचं बी न्हाई." आई हसली आणि तिनं मला ठेवलं. दादा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "लिवायला शीक. कुटं कुटं बसलो ते तरी लिवून ठिवशील."

मी लिहायला शिकले. कुठं कुठं बसलो ते सोडून बाकी पुष्कळ लिहिलं.

ज्यांनी माझी कादंबरी वाचली आहे, त्यांना ती वाळवंटातल्या भटक्या टोळीत वाढणाऱ्या एका मुलीची गोष्ट म्हणून माहीत आहे. लोक विचारतात, तुम्ही वाळवंटात किती वर्षं काढली? मी अभ्यास, वाचन वगैरे काहीतरी पुटपुटते. खरं सांगायचं तर वाळवंटात मी एका सहलीबरोबर चार दिवस होते. त्यातले दोन दिवस पोट बिघडलं म्हणून खोलीत गेले. पुस्तकातली वाळू म्हणजे आंदर मावळातला चिखल आहे. उंटीण म्हणजे आमची घोडी. भाताची खाचरं होती तिथं मी खजुराची झाडं लावली. सगळं बदलता आलं, घोंगडी तेवढी बदलवेना, म्हणून ती तशीच राहिली. सोलापूरच्या एका वाचकानं कार्ड पाठवून विचारलं होतं, "त्या उन्हात हे लोक घोंगडी पांघरतात का?" त्याला मी उत्तर दिलं नाही. एवढ्या वर्षांत मला पकडलं ते त्या एका माणसानं.

या पुस्तकात 'वारा' नावाचं एक प्रकरण आहे. टोळीच्या बायका पुढं जातात आणि मागून येणाऱ्या पुरुषांसाठी वाटेवर खूण ठेवतात. एकदा वाऱ्यानं ती खूण फिरते, मुलीचा बाप चुकीच्या वाटेला लागतो आणि कायमचा अधू होतो. एका सभेत एक प्राध्यापक म्हणाले होते, हा वारा म्हणजे नियती. मी मान डोलावली, शाल घेतली आणि घरी आले. त्या सभेला म्हाळू आला होता, शेवटच्या रांगेत, मुंडासं काढून मांडीवर ठेवून. त्याला वाचता येत नाही. तो मला म्हणाला, "लय टाळ्या वाजल्या. काय सांगितलंस गं येवढं?"

वारा नव्हता. मी होते.

आमच्यात बिऱ्हाड घेऊन बाई पुढं जाते. पाल टाकते, पाणी बघते, चूल पेटवते. गडीमाणूस मेंढरं चारत मागून सावकाश येतो. वाट फुटली की बाईनं तिथं निरगुडीची डहाळी टाकायची आणि बुडख्यावर दगड ठेवायचा. निरगुडीच का, तर मेंढरू तिला तोंड लावत नाही, नाहीतर मागून येणारी मेंढरं खूणच खाऊन टाकतील. शेंडा दाखवेल त्या वाटेनं जायचं. डहाळीवर कुणी शंका घेत नसे. आपल्या बायकोनं अर्ध्या दिवसापूर्वी इथं उभं राहून पुढची वाट बघितलेली आहे, एवढं त्या गड्याला पुरत असे.

खंडाळ्यात बंगल्याअलीकडं असा एक फाटा होता. उजवीकडं बंगल्यांची गल्ली, सरळ गेलं की मुंबईचा हमरस्ता आणि घाटाची वळणं. बंगल्याचे मालक आलेले असले की मैदानात मेंढरं चालत नसत. मग आई शेंडा सरळ ठेवून घाटाखाली उतरायची. मालक नसले की शेंडा उजवीकडं. म्हणून दरवर्षी येत असूनही दादांना त्या फाट्यावर डहाळी बघावीच लागायची.

शाळेत मावशीनं माझं नाव सुनंदा घातलं. ठकू हे नाव वर्षातून दोनदा, जाताना दोन दिवस आणि येताना दोन दिवस, एवढंच उरलं. मला शाळा आवडायची. मावशी वेणी घट्ट घालायची, आबा पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं घालायचे. मैत्रिणी लोणावळ्याच्या होत्या. कुणाचं चिक्कीचं दुकान, कुणाचे वडील रेल्वेत. त्यांनी विचारलं, "तुझे आईबाबा कुठं असतात?" मी म्हणाले, "दुबईला." ते दिवस तसेच होते. कुणाचा ना कुणाचा मामा तिकडं असायचाच. "तिकडं काय आहे?" "वाळवंट. ते तंबूत राहतात." पुढं मी त्यांना तंबूतलं सगळं सांगितलं. रोज जागा कशी बदलते, सकाळी तंबू कसा गुंडाळतात, जनावराच्या पाठीवर पिल्लं कशी बसवतात. मुली डबा खायचं विसरून ऐकायच्या. आता लक्षात येतं, माझी कादंबरी तिथंच सुरू झाली, खोटं पचवण्यासाठी.

तेरा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. दिवाळीची सुट्टी संपलेली, शनिवारची सकाळची शाळा. तिघी मैत्रिणी म्हणाल्या, आज तुझ्याकडं येतो, मालकांचा बंगला दाखव. मी हो म्हणाले. माझी माणसं अजून दोन दिवस येत नाहीत असा माझा हिशेब होता. फाट्यापाशी आलो आणि मला निरगुडी दिसली. ताजी, पानं अजून सुकली नव्हती. शेंडा उजवीकडं. म्हणजे आई मैदानात पोचलेली होती, आणि थोड्याच वेळात दादा एकशेवीस मेंढरं घेऊन आमच्या गल्लीतून, बंगल्याच्या पायरीसमोरून, मला ठकू म्हणून हाका मारत जाणार होते.

मैत्रिणी चार पावलं पुढं होत्या. चपलेचा अंगठा तुटल्याचं निमित्त करून मी खाली बसले. दगड उचलला, शेंडा सरळ केला, दगड परत ठेवला. हमरस्त्यानं जरा पुढं गेलं की वळणावरून मैदान दिसायचं. तिथून दादांना आईचं पाल दिसेल, मागच्या उतारानं ते वर येतील, आणि तेवढ्यात मुली चहा पिऊन जातील. मला फक्त अर्धा तास हवा होता. पुष्कळदा मी स्वतःला हे सांगितलं आहे की मला फक्त अर्धा तास हवा होता. शनिवारी दुपारी मुंबईची वाहनं किती असतात हे मला माहीत नव्हतं असं मात्र मी म्हणू शकत नाही. खंडाळ्यात राहणाऱ्या कुणालाही ते माहीत असतं.

मावशीनं मुलींना चिवडा दिला होता. आधी लांबलचक हॉर्न ऐकू आला, मग ब्रेक, मग मेंढरांचा आवाज. एक मुलगी म्हणाली, "ॲक्सिडेंट झाला. चला बघू." आणि मी त्यांच्याबरोबर बघायला गेले. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी बघायला गेले.

वळणावर ट्रक आडवा होता. रस्त्यावर मेंढरं पडली होती. किती, ते मी तेव्हाही मोजलं नाही. दादा कठड्याला टेकून बसले होते, उजवा गुडघा भलतीकडं वळलेला. त्यांनी वर पाहिलं. गणवेशातल्या चार मुली, त्यांत मी. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या मैत्रिणींकडं पाहिलं, आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. मला हाक मारली नाही. त्यांना काय समजलं ते मला ठाऊक नाही. पण त्या अवस्थेत त्यांनी मला सांभाळून घेतलं, एवढं मला तेव्हाही कळलं. मैत्रीण म्हणाली, "बिचारा." मी म्हणाले, "हो."

तेवढ्यात आई उतारावरून धावत आली. तिच्यामागं म्हाळू होता, नऊ वर्षांचा. मैत्रिणींना घेऊन मी मागं फिरले.

दादांचा गुडघा पुन्हा नीट वाकला नाही. ते गावातल्या घरी राहिले. मेंढरं आईच्या आणि म्हाळूच्या अंगावर आली. पुढच्या जूनमध्ये म्हाळूला मावशीकडं आणायचं ठरलेलं होतं, आबांनी त्याच्यासाठी पाटीसुद्धा आणून ठेवली होती. ती पाटी पुढं मावशीनं हिशेबाला वापरली.

दवाखान्यात दादा आईला म्हणाले होते, "शेंडा सरळ व्हता." आई म्हणाली, "मी उजवीकडं टाकली व्हती." मी पाण्याचा तांब्या धरून उभी होते. पुढच्या वर्षी येताना आई मावशीला म्हणाली, "मी उजवीकडंच टाकली व्हती वाटतंय." आणखी दोन वर्षांनी, मी दहावीला असताना, ती म्हणाली, "घाईत सरळ पडली असंल. पोरीला भेटायची घाई व्हती." एक माणूस स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास कसा घालवून बसतं, हे मी असं एकेका वाक्यानं ऐकलं. बरोबरच्या पालांतल्या बायका चेष्टा करायच्या, "हिच्या डहाळीमागं जाऊ नगा गं, ही मुंबईला पोचवील." आईसुद्धा हसायची. पुढं तिनं डहाळी टाकायचंच सोडलं. म्हाळूला म्हणायची, "तू टाक बाबा. माजा काय भरवसा न्हाई."

मी पुण्याला गेले. कॉलेज, नोकरी, लग्न, कोथरूडला फ्लॅट. सोसायटी, लिफ्ट, मेंटेनन्स, रविवारी मॉल. माझ्या मुलीला मेंढरू फोटोतलं माहीत. गावाकडून निघून आलेल्या आम्हा माणसांना एक सवय असते. दुरून हळवं व्हायचं, आणि कुणी जवळ आलं की गाडी लावायला जागा नाही म्हणायचं. मी तेच केलं. आईला साड्या पाठवल्या, दादांना कुबडी, म्हाळूला मोबाइल. बोलले कुणाशीच नाही. मग पुस्तक लिहिलं आणि माझा गुन्हा वाऱ्याच्या नावावर घातला.

दादा तीन वर्षांपूर्वी गेले. गेल्या भाद्रपदात मी गावी गेले. आई ओट्यावर सुपात बाजरी निवडत होती. मी बसले आणि सांगून टाकलं. दगड कसा उचलला तेसुद्धा.

आईची बोटं बाजरीत फिरत राहिली. मग तिनं विचारलं, "मंग मी उजवीकडं टाकली व्हती?"

"हो."

"उजवीकडंच?"

"उजवीकडंच, आई."

तिनं सूप खाली ठेवलं. "मला येडी केलीस गं तू." आवाज चढला नव्हता. मग म्हणाली, "त्यो गेला. त्याला जाईस्तोवर वाटत व्हतं की मीच. त्याला कुटं सांगायला जाऊ आता?" मी तिचा हात धरायला गेले, तिनं तो पदरात घेतला. संध्याकाळी तिनं मला भाकरी वाढली, वर दूध वाढलं, आणि स्वतःची भाकरी घेऊन ओट्यावर गेली. सकाळी मी निघताना दारात आली. "म्हाळूला सांग. मी न्हाई सांगायची. तुजं तू सांग."

मग मी हे लिहायला बसले. तोंडानं मी निम्मं गाळेन हे मला माहीत होतं.

या मार्गशीर्षात म्हाळूचा कळप आंदर मावळात होता. आता बिऱ्हाड टेम्पोत जातं, वाट फोनवर विचारतात. म्हाळूनं मला लोकेशन पाठवलं आणि आवाजात निरोप, "टाकव्याच्या फुडं रेंज जाती. मंग डहाळी बघत ये." टाकवं सोडलं, आणि फोन खरंच गप्प झाला. दोन फाट्यांवर निरगुडी मिळाली. मी दोन्हीकडं गाडीतून उतरून पाहिली. हात लावला नाही.

म्हाळूची बायको अनसा कोकरांना पाजत होती. आम्ही दोघं बांधावर बसलो. मी त्याला हे सगळं वाचून दाखवलं, बाजरीच्या सुपापर्यंत. तो काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. मधेच दोन मेंढरं कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली, तशी त्यानं ती वळवून आणली आणि म्हणाला, "हं, वाच." दादांनी तोंड फिरवलं ते ऐकताना मात्र तो माझ्याकडं बघत नव्हता.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, "म्हंजे माजी बारी तितं गेली."

"हो."

मग त्यानं विचारलं, "आन त्या पुस्तकात? माजं काय झालं त्यात?"

"पुस्तकात तुला शाळेत घातलं. तू मास्तर झालास."

"मास्तर." तो हसला. "पोरांनी पळवून लावला आसता मला." मग हसू गेलं. माळावर पांगलेल्या कळपाकडं बघत त्यानं सरळ मनानं विचारलं, "मंग तितं मेंढरं कोण राखतं?"

मी आठवून पाहिलं. पुस्तकात भाऊ शाळेत जातो, आणि पुढच्या प्रकरणापासून कळप नाहीच. कुणी विकला नाही, मेला नाही. मी त्याला वाऱ्यावर सोडून दिला होता, आणि ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं, त्या प्राध्यापकांच्याही नाही.

"कुणीच नाही," मी म्हणाले. "मी लिहायचं विसरले."

"व्हय," म्हाळू म्हणाला. "तुला कसं सुचावं."

हे टोचून बोलणं होतं की नुसतंच बोलणं, मला कळलं नाही. त्यानं मला माफ केलं असंही तो म्हणाला नाही, आणि मी विचारलं नाही.

दुपारी मुक्काम हलला. टेम्पो आधीच गेला होता. म्हाळू मोठी मेंढरं घेऊन पुढं निघाला, अनसा कोकरं घेऊन मागून सावकाश येणार होती. मी त्याच्याबरोबर फाट्यापर्यंत चालले. तिथं त्यानं निरगुडीची डहाळी मोडली आणि माझ्यापुढं धरली.

"टाक."

"मी?"

"तूच. डावीकडं जायचंय. शेंडा नीट बघून टाक."

मी डहाळी टाकली, बुडख्यावर दगड ठेवला. तो हलतोय असं वाटलं म्हणून दुसरा ठेवला. मान वर केली तोवर म्हाळू मेंढरांमागं डावीकडं वळलेला होता. डहाळी बरोबर पडली का हे बघायला तो थांबला नव्हता.

मी गाडीकडं जायला हवं होतं. मला लोक विचारतात, तुमचं घर कोणतं? कोथरूड म्हणू, की पारनेर, की खंडाळ्याचा बंगला, जिथं आता रिसॉर्ट आहे? मी त्या फाट्यावर उभी राहिले. पाऊण तासानं अनसा आली, पुढं कोकरांचा गोंधळ, काखेत एक लंगडं.

"वन्सं, तुमी अजून हितंच?" ती म्हणाली. "डहाळी हाय की."

"असू दे," मी म्हणाले. "शेवटचं कोकरू वळलं की जाते."